दोरीला बांधलेलं पेन

तिला सगळा दवाखाना फॉर्मताई म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि तिलाही ते आवडायचं. सांधेविभागाच्या खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा फॉर्म भरून घेणं, तो तपासणं आणि रजिस्टरला लावणं हे तिचं काम. एखादी चौकट रिकामी दिसली की जिना उतरून गेलेल्या माणसालाही ती हाक मारून परत आणायची. शिपाई म्हणायचा, "ही बाई यमाच्या दारातूनसुद्धा माणूस परत आणेल, फॉर्म अपुरा आहे म्हणून."

पण तिची तळमळ खोटी नव्हती. आमवात, म्हणजे म्हातारपणाची सांधेदुखी नव्हे, तर ऐन तिशीत सांधे आतून कुरतडणारा तो रोग. त्याच्या पाच दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एक डॉक्टर नुसतं 'बरी' लिहायचे. दुसरे 'कालपेक्षा बरी' लिहायचे, आणि काल काय होतं ते कुठेच नसायचं. तिसरे हाताचं चित्र काढून त्यावर गोल करायचे. ते गोल सुजलेल्या सांध्याचे की बऱ्या झालेल्या, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका वयस्क डॉक्टरांनी तर वर्षभर 'हवा ढगाळ, सांधे तसेच' एवढंच लिहिलं होतं. अशा नोंदींवरून कुठलं औषध कुणाला लागू पडलं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

म्हणून विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी पाचही ठिकाणी एकच फॉर्म सुरू केला. अठ्ठावीस सांधे डॉक्टरांनी दाबून मोजायचे. रक्ताचा आकडा लिहायचा. सकाळी सांधे किती मिनिटं ताठरलेले असतात ते लिहायचं. आणि शेवटी शून्यापासून दहापर्यंतची एक रेघ, दुखणं किती आहे त्याप्रमाणे त्या रेघेवर खूण करायची. फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'रुग्णाने स्वतः भरावा.' ओळीने तीन भेटींच्या फॉर्ममध्ये रोग जोरात दिसला, तर औषध समिती सांधे वाचवणारं नवं इंजेक्शन मंजूर करायची. त्या इंजेक्शनचा साठा मोजका होता, म्हणून फॉर्मवर सगळं येऊन ठेपलं होतं.

पाचही ठिकाणी जाऊन फॉर्म कसा भरायचा ते फॉर्मताईनेच शिकवलं. कुणी "एवढ्या एकीला सूट द्या" म्हटलं की तिचं उत्तर तयार असायचं, "एकीला सूट दिली तर फॉर्मला अर्थ काय उरला?" पहिल्याच महिन्यात खिडकीवरून अकरा पेनं नाहीशी झाली, तेव्हा तिने बारावं पेन गजाला दोरीने बांधलं. दोरी दीड हात लांब. मग पेन चोरीला गेलं नाही, आणि डॉक्टरबाईंनीही तिची पाठ थोपटली.

त्या मंगळवारी नेहमीसारखीच गर्दी होती. भिंतीला लागून असलेल्या बाकावर बायका बसल्या होत्या आणि खिडकीपाशी त्यांच्या सोबत आलेल्यांची रांग होती. एक नवरा पेन हातात घेऊन रेघेकडे बघत उभा राहिला.

"हे काय भरायचं?"

"किती दुखतं ते."

"असेल तीन-चार." त्याने मान वळवून बाकाकडे पाहिलंही नाही. "तिला जरा कुरकुरायची सवय आहे. तीन करतो."

"करा. सकाळचा ताठरपणा किती मिनिटं?"

"तसं काही बोलली नाही कधी."

"शून्य लिहा मग. पुढचे!"

एक मिनिटात काम झालं. फॉर्ममध्ये एकही चौकट रिकामी नव्हती, आणि फॉर्मताईला तेवढंच हवं होतं.

दुपारी डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. टेबलावर समितीची यादी होती आणि काचेच्या दिव्यावर हाताच्या हाडांचा एक फोटो लावलेला होता.

"ही तुझी वहिनी ना?" त्यांनी विचारलं. "समितीने अर्ज नाकारलाय. रोग आटोक्यात आहे म्हणतात. कागदावर आहेच तसं. दुखणं दोन, दोन आणि एक. ताठरपणा तिन्ही वेळा शून्य."

"मग बरंच झालं की."

"फोटो बघ." त्यांनी पेन्सिलीने बोटांच्या मुळाशी दाखवलं. "इथे हाड कुरतडलंय. इथे. आणि इथे. वर्षापूर्वी नव्हतं. शून्य ताठरपणा असलेल्या बाईचा हात असा दिसत नाही. शुक्रवारी फेरविचाराची बैठक आहे. आता काय ते तू मला सांग."

फॉर्मताईने यादीखालचे तिन्ही फॉर्म ओढून घेतले. त्या तीन फॉर्मवरचं अक्षर तिचं होतं, आणि आपल्या अक्षराकडे ती परक्यासारखी बघत राहिली.

झालं होतं असं. वहिनीला आमवात होऊन चार वर्षं झाली होती. दर तीन महिन्यांनी तिला तपासणीला यावं लागे. "तू कशाला खिडकीत तिष्ठत बसतेस?" म्हणत फॉर्मताई कोरा फॉर्म आदल्या दिवशी घरीच आणायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरायची. वहिनीचा फॉर्म तर खिडकीपर्यंतही जात नसे. उत्तरं पलीकडच्या खोलीतून आई द्यायची.

"ताठरपणा? कसला गं ताठरपणा! पहाटे चारला उठते ती. सगळ्या गावात अशी सून दाखव मला."

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी असायची. "लिहा तुम्हाला वाटेल ते, ताई," म्हणायची. आणि ताई आपल्याला वाटेल ते लिहायच्या. वहिनीच्या चार वाजता उठण्याचं त्या घरात फार कौतुक होतं. पाहुण्यांना आई हे आवर्जून सांगायची, दादा मान डोलवायचा, आणि आठला आरामात उठणाऱ्या फॉर्मताईला त्यावरून दोन बोलणी बसायची.

त्या रात्री तिने गजर लावला आणि पहाटे चारला उठली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. फटीतून दिवा दिसत होता.

वहिनी जमिनीवर बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत गरम पाण्याच्या बादलीत. थोड्या वेळाने ती उठली, म्हणजे आधी गुडघ्यावर आली, मग कोपर स्टुलावर टेकलं, आणि तिसऱ्या प्रयत्नाला उभी राहिली. नळ तिने कोपराने ढकलून उघडला. किटली दोन मनगटांच्या मध्ये धरून चुलीवर ठेवली. दुधाची पिशवी दातांनी फाडली. काडेपेटीतली काडी मात्र काही केल्या धरता येईना. ती तीनदा पडली, आणि तिसऱ्यांदा पडल्यावर वहिनी ओट्यावर कपाळ टेकवून आवाज न करता रडली. मग तिने डोळे बाहीला पुसले आणि हात पुन्हा बादलीत घातले. हे तिचं रोजचंच चाललं होतं, हे तिच्या सवयीच्या हालचालींवरूनच कळत होतं.

फॉर्मताईने दार उघडलं. वहिनीने दचकून हात पदराआड घेतले.

"किती वेळ लागतो हात उघडायला?"

"झालंच आता."

"वहिनी, किती वेळ?"

"आठ वाजतात," वहिनी म्हणाली. "म्हणून तर चारला उठते. तुम्ही सगळे उठायच्या आत माणसांत यायला हवं ना."

"आणि दवाखान्यात? तिथे तर सांध्यांना सूज नसते तुझ्या. डॉक्टर मोजतात, मी स्वतः पाहिलंय."

"आदल्या दिवशी औषधवाल्याकडून ती पांढरी गोळी आणते. दोन दिवस सूज उतरते. नाहीतर जिना कसा चढू? आई म्हणतात, चारचौघांत वाकडी चालू नकोस, लोक विचारतात."

फॉर्मताईने डोक्याला हात लावला. "अगं बाई, मग मला का नाही सांगितलंस? मी त्याच खात्यात बसते! एका शब्दाने तरी!"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही विचारलंत कुठे, ताई? तुम्ही आईंना विचारलंत."

मग हात पुन्हा पाण्यात घालत ती म्हणाली, "माझ्या मोठ्या आत्याचे हात असेच झाले होते. चार दिवस माहेरी राहून ये म्हणून सासरच्यांनी पाठवली. न्यायला कुणी आलंच नाही. मला ठाऊक आहे, वाकड्या हाताच्या बाईचं काय करतात ते."

त्या दिवशी घरात हलकल्लोळ झाला. आधी आईचा विश्वास बसेना. मग ती रडली, मग वहिनीलाच बोलली, "एवढी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस!" दादा बायकोचा हात हातात घेऊन एकेक बोट बघत बसला. शेवटी तो बहिणीकडे वळला.

"कागद तुझ्याच ताब्यात असतात ना?"

"हो."

"मग दोनाचे आठ कर. शून्याचे दोनशे कर. तूच लिहिलेत, तूच बदल. खोटं थोडंच आहे ते? खरं तर तेच आहे."

"परवा फेरविचाराची बैठक आहे म्हणालीस ना?" आई म्हणाली. "मग बसलीस काय? पोरीचे हात वाचव."

आणि फॉर्मताईलाही ते पटलं. ही गोष्ट वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विभाग उघडायच्या आत ती नोंदींच्या खोलीत जाऊन बसली. पर्समध्ये दाढीचं नवं पातं होतं. त्याने शाई अलगद खरवडता येते. वहिनीचे तिन्ही फॉर्म तिने समोर ठेवले. पहिल्या फॉर्मवरची दोनाची खूण खरवडायला घेतली आणि हात थांबला. भीतीने नव्हे. तिच्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत होतं, तुम्ही विचारलंत कुठे.

तिने मान वर केली. खोलीच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. बायका येऊन बसायला लागल्या होत्या. दिवस उजाडताच घरून निघालेल्या, भिंतीला धरून चालणाऱ्या, बसताना डोळे मिटून घेणाऱ्या. बाकापासून खिडकी बारा पावलांवर. खिडकीला पेन, पेनाला दीड हात दोरी. ती उठली आणि बाकाशी गेली.

"हा फॉर्म तुम्ही भरता ना?" तिने पहिल्या बाईला विचारलं.

"कुठला फॉर्म?" ती बाई म्हणाली.

दुसरी म्हणाली, "आमचे हे भरतात. मला उभं नाही राहवत."

तिसरी म्हणाली, "सूनबाई करते काहीतरी खिडकीशी."

चौथी विणकामाची शिक्षिका होती. तिला लिहिता-वाचता येत होतं, वर्षभर ती न चुकता येत होती, आणि तिने तो कागद आयुष्यात प्रथमच हातात घेतला. माथ्यावरची ठळक ओळ तिने मोठ्याने वाचली. 'रुग्णाने स्वतः भरावा.' वाचून झाल्यावर ती फॉर्मताईकडे बघू लागली.

त्या सकाळी बाकावर एकोणीस बायका होत्या. चौदा जणींनी फॉर्म कधी पाहिला नव्हता. उरलेल्या पाच जणी ज्यांना खिडकीपर्यंत चालता येत होतं त्या, म्हणजे बाकीच्यांपेक्षा बऱ्या. ज्यांचा रोग सगळ्यांत वाईट, त्यांच्या वतीने नवरा नाहीतर सासू बोलत होती. घरोघरी चालतं तेच इथे चाललं होतं. फक्त इथे त्यावर शिक्का बसत होता, आणि तो शिक्का मारणारी, एका चौकटीसाठी जिन्यावरून माणसं परत आणणारी बाई कोण, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका वहिनीचे आकडे बदलून एक इंजेक्शन मिळालं असतं. बाकावरच्या चौदा जणी कागदोपत्री 'बऱ्या' राहिल्या असत्या, आणि वर्षभराच्या फॉर्मांवरून असं सिद्ध झालं असतं की या पाच दवाखान्यांत बायकांना फारसं दुखत नाही.

ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. पातं आधी टेबलावर ठेवलं.

"हे घेऊन बसले होते मी आत," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातलं टेबल, पांढरी गोळी, दोरी, बाक.

डॉक्टरबाईंनी पातं उचलून बाजूला ठेवलं. "किती फॉर्म असे असतील?"

"इथले जवळजवळ सगळेच. बाकीच्या चार ठिकाणीही पेन बांधायला मीच सांगितलं होतं."

"अगं, वर्षाचं काम आहे ते." त्यांचा आवाज फाटला. "सगळ्या नोंदी बाद होतील. सगळ्यांच्या नव्याने तीन घ्याव्या लागतील. एक आत्ता, एक तीन महिन्यांनी, एक सहा महिन्यांनी. तुझ्या वहिनीच्याही. तिला सहा महिने नाहीत, कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून पाया पडते तुमच्या, तिचं तेवढं आधी करा. फोटो आहे ना तुमच्याकडे. मला हवी ती शिक्षा करा."

डॉक्टरबाईंनी तिला उठवलं आणि समितीला दोन पत्रं लिहिली. एकात चूक कबूल केली, दुसऱ्यात या एका रुग्णासाठी विनंती केली. पहिल्या पत्राचं उत्तर लगेच आलं, नोंदी रद्द. दुसऱ्याचं उत्तर आठवड्याने आलं, एका ओळीचं. एका रुग्णाला सूट दिल्यास फॉर्मला अर्थ उरणार नाही. वर्षभर खिडकीत बसून ती लोकांना जे ऐकवत आली होती तेच आता छापील कागदावर तिच्या हातात पडलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून रडली. येणारेजाणारे बाजूने गेले, कुणी काही विचारलं नाही.

ते सहा महिने त्या घराने कसे काढले हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. दादा बहिणीशी बोलेनासा झाला. आई उठता-बसता म्हणायची, "तुझ्या खरेपणापायी माझ्या घरातली लक्ष्मी अधू झाली." जुनी औषधं दुप्पट झाली, पांढरी गोळी बंद झाली, त्यामुळे सूज लपेना. तिसऱ्या महिन्यात वहिनीच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं आणि पुन्हा सरळ झालं नाही. पूर्वी ती लहान मुलांच्या कपड्यांना काजं करून द्यायची. साऱ्या गल्लीत तसं काज कुणाला जमत नसे. तिने सुयांची डबी आईकडे दिली आणि म्हणाली, "आता ही ठेवून द्या कुठेतरी."

फॉर्मताई रोज पहाटे चारला उठू लागली. काडी ती ओढायची, बादली ती भरायची. दोघी फारसं बोलत नसत. एकदा मात्र वहिनी पाण्यात हात बुडवून एकदम म्हणाली, "ताई, मला तुमचा फार राग आलाय. चौकट असेल कुठे तर लिहा."

"लिहिते," फॉर्मताई म्हणाली. त्या सकाळी तिने बादलीतलं पाणी दोनदा बदललं.

दवाखान्यात दोरी कापली गेली. फॉर्म आता खिडकीत भरत नाहीत. फॉर्मताई स्वतः बाकाशी स्टूल घेऊन बसते. सोबतच्यांना ती बाहेर बसवते, आणि ते भांडतात. एक सासरा तर म्हणाला, "आमच्या घरातलं तिला काय कळतं? आम्ही सांगतो ना!" फॉर्मताईने त्याला दाराची वाट दाखवली. पेनं आताही चोरीला जातात. ती पगारातून नवी आणते. बोटांत धरता यावीत म्हणून प्रत्येक पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करते. नव्या फॉर्मांतले आकडे जुन्यांच्या जवळपासही नाहीत. डॉक्टरबाईंनी पहिल्या महिन्याची बेरीज केली आणि कागद उलटा करून ठेवला.

सहा महिन्यांनी वहिनी तिसऱ्या नोंदीला आली. सोबत आई होती. इंजेक्शन आता मिळणार हे नक्की होतं. उरलेले सांधे वाचतील, ती दोन बोटं मात्र गेली ती गेलीच, हे डॉक्टरबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आईला बाहेर बस म्हणायला फॉर्मताईची जीभ रेटेना, म्हणून आई तिथेच उभी राहिली. वहिनीने जाड पेन उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला. ते निसटून खाली पडलं. आईने ते उचललं आणि सवयीने कागद ओढून घेतला.

"आण इकडे, मी करते. लोक खोळंबलेत."

"राहू द्या, आई." वहिनीने कागद सोडला नाही. "ताईंनी मला विचारलंय."

आईचा हात तसाच राहिला. मग तिने पेन सुनेच्या डाव्या हातात दिलं आणि बाजूला झाली. वहिनीने अख्खा तळहात पेनाभोवती वळवला, रेघेवर शून्यापासून सावकाश पुढे गेली, पाचापाशी थांबली नाही, सातापाशी थांबली नाही, आणि नवावर वाकडी, थरथरती खूण केली. चार मिनिटं लागली. बाकावरच्या बायका ती चार मिनिटं बघत होत्या. आईने त्या खुणेकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"नऊ," फॉर्मताईने वाचलं. "आणि सकाळी हात उघडायला?"

"चार तास," वहिनी म्हणाली. "चार वर्षं झाली."

फॉर्मताईने दोन्ही लिहिलं.

वाचकहो, तुमच्याही घरात सगळ्यांच्या आधी उठणारं कुणीतरी असेल. तिच्या लवकर उठण्याचं तुम्ही चारचौघांत कौतुकही केलं असेल. उद्या एक दिवस तिच्याबरोबर उठा, आणि ती एवढ्या लवकर का उठते ते विचारा. तिलाच विचारा.